प्रस्तावना : ऋणभाराचा शिक्का

रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशींची गणती यांच्या खाली 'ई. एस. आर.' या तीन अक्षरांची एक त्रोटक ओळ असते, आणि तिच्यासमोर मिलिमीटरांत एक आकडा मांडलेला असतो. हा आकडा मिळविण्याची रीत इतकी साधी आहे की तालुक्याच्या गावातील लहानशा प्रयोगशाळेतही ती रोज सकाळी पार पडते : सायट्रेट मिसळून गोठू न दिलेले रक्त वेस्टरग्रेनच्या काचनळीत २०० च्या खुणेपर्यंत ओढून घ्यावयाचे, नळी घोडीत अगदी ओळंब्यात उभी करावयाची, आणि बरोबर एक तासाने तांबड्या पेशींचा थर किती खाली बसला आणि वर पिवळसर द्रव किती निथळला ते वाचावयाचे. आकडा फुगलेला दिसला की शरीरात कोठेतरी दाह चालला आहे असे अनुमान डॉक्टर करतात, पुढील तपासण्या लिहून देतात, आणि रुग्ण तो कागद चौघडी करून खिशात ठेवतो.

या नळीकडे पाहताना एक प्रश्न मनात यावयास हवा, तो सहसा येत नाही. तांबड्या पेशी रक्तद्रवाहून जड असतात. मग निरोगी माणसाच्या रक्तात त्या इतक्या सावकाश का बसतात, आणि एवढ्या दाटीवाटीत परस्परांना चिकटून त्यांचा गोळा का होत नाही? याचे उत्तर असे की प्रत्येक तांबड्या पेशीच्या पृष्ठावर ऋण विद्युत्‌भाराचे एक दाट आवरण असते, आणि सारख्याच भाराच्या दोन पेशी निकट आल्या की त्या एकमेकींना दूर सारतात. दाह सुरू झाला म्हणजे रक्तातील फायब्रिनोजन वाढते, त्याचे लांबट रेणू दोन पेशींमध्ये पूल बांधतात, अपसारणावर मात होते, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात, आणि सुट्या नाण्याहून चळत लवकर तळ गाठते. म्हणजे अहवालातील तो आकडा आपल्या पेशींच्या ऋणभाराची, आणि तो भार कोणत्या परिस्थितीत पराभूत झाला याची नोंदच असतो. ज्या भाराचा हा दाखला घरोघरी पडून आहे, त्याच भाराच्या आधारे शरीरातील प्रतिकारपेशी आपले कोणते, परके कोणते आणि मेलेले कोणते हे कसे ओळखतात, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत ग्रंथाचा हेतू आहे.

विषयात प्रवेश करण्यापूर्वी ग्रंथाचे मुख्य प्रतिपाद्य येथेच सांगून टाकणे उचित होईल. विरुद्ध भार परस्परांना आकर्षितात आणि समान भार दूर सारतात हा नियम शाळेत शिकलेला असल्यामुळे, प्रतिकारपेशी भारावरून लक्ष्य ओळखते असे ऐकताच लोहचुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या टाचणीचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र अपुरे आहे, आणि त्याने या विषयाच्या अभ्यासकांनाही दीर्घकाळ चकविले. पेशी भार वाचते. आणि वाचताना तो किती आहे एवढेच न पाहता कोणत्या रेणूवर आहे, पटलाच्या कोणत्या बाजूस आहे आणि त्याच्या शेजारी दुसरी कोणती खूण आहे, हे सर्व पाहते. मराठी दप्तरांतील जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ठाऊक आहे की पत्राच्या शिरोभागी शिक्का आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब उमटविण्याचा शिरस्ता होता. दोन्ही ठसे एकाच शाईचे. परंतु एकाचा अर्थ हा हुकूम कोणाचा आहे असा, आणि दुसऱ्याचा अर्थ धन्याचे बोलणे येथे संपले असा. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ वाढविली तर ती धन्याची नव्हे हे वाचणाऱ्यास ठशाच्या जागेवरून कळे. पेशीच्या पृष्ठावरील ऋणभाराची गोष्ट याच जातीची आहे.

या विषयाचा इतिहास दोन प्रवाहांचा आहे, आणि हे प्रवाह दीर्घकाळ एकमेकांची दखल न घेता वाहत होते. पहिला प्रवाह जीवशास्त्रज्ञांचा. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. शरीरात परक्या वस्तूंना गिळणाऱ्या पेशी असतात या सिद्धांताचा उगम या निरीक्षणात आहे, आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिक याच्यासमवेत मेचनिकॉव्हला मिळाले ते याच कार्यासाठी. आपल्या प्रांताशी या परंपरेचा संबंध अगदी निकटचा आहे : ओडेसा येथे मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला वाल्डेमार हाफकिन हा १८९६ मध्ये प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत आला, त्याने तेथे प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळच्या ज्या वास्तूला आज त्याचे नाव आहे, तिच्यावरून जाणाऱ्या मुंबईकराने मेसिनाच्या त्या तारामाशाचेही स्मरण करावे, इतका हा धागा सरळ आहे. परंतु भक्षकपेशी गिळते हे कळले तरी ती काय पाहून गिळते, आणि शेजारच्या स्वकीय पेशीला का सोडते, हे मेचनिकॉव्हच्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारे नव्हते.

दुसरा प्रवाह भौतिकी व रसायन जाणणाऱ्यांचा. द्रवात तरंगणाऱ्या कणाभोवती भाराचे दुहेरी आवरण असते ही कल्पना हेल्महोल्ट्‌झने १८७९ मध्ये गणिताने मांडली होती, आणि विद्युत्‌क्षेत्रात ठेवलेला कण कोणत्या दिशेस व किती वेगाने सरकतो यावरून त्याच्या पृष्ठाचा भार काढता येतो हे हळूहळू सिद्ध झाले होते. या पद्धतीने रक्तपेशी, जंतू आणि मातीचे कण या सर्वांना एकाच मापाने मोजता येऊ लागले. १९२१ च्या सुमारास वॉलेस फेन याने पांढऱ्या पेशींना क्वार्ट्‌झचे व कोळशाचे कण खाऊ घालून त्या कोणते अधिक त्वरेने गिळतात याची मोजदाद केली. त्यानंतर स्टुअर्ट मड व त्याच्या सहकाऱ्यांनी पृष्ठताण आणि पृष्ठभार यांवरून भक्षणाची उपपत्ती लावण्याचा कसोशीने प्रयत्न केला. त्यांचा आग्रह असा की जीवपेशीचे वर्तनही अखेरीस पृष्ठावरील बलांचा जमाखर्च असले पाहिजे. तो आग्रह सर्वस्वी फोल नव्हता, पण त्यांच्या हिशेबात एक मोठी रक्कम गहाळ होती : हा भार कोणत्या रेणूचा आहे, हे तोवर कोणासच माहीत नव्हते.

ही रक्कम सापडली ती आडवाटेने. १९४१-४२ मध्ये जॉर्ज हर्स्ट याला आढळले की इन्फ्लुएंझाचा विषाणू तांबड्या पेशींना एकत्र बांधतो आणि काही वेळाने आपण होऊन सुटतो. सुटल्यानंतर त्या पेशी पुन्हा त्याच विषाणूने बांधल्या जात नाहीत, म्हणजे त्यांच्यावरील विषाणूची बैठकच नाहीशी झालेली असते. १९४७ मध्ये मेलबर्न येथे बर्नेट व स्टोन यांनी दाखविले की पटकीच्या जंतूच्या संवर्धनद्रवातही असेच काम करणारा एक विकर आहे, जो पेशीच्या पृष्ठावरून विषाणूची ही बैठक छाटून टाकतो. छाटला जाणारा पदार्थ म्हणजे सायलिक आम्ल : साखरसाखळ्यांच्या अगदी टोकाशी बसलेला, नऊ कार्बनांचा, आणि रक्ताच्या स्वाभाविक अम्लतेत सदैव ऋणभारित राहणारा रेणू. १९६१ मध्ये कुक, हर्ड व सीमन यांनी हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले. विकराने सायलिक आम्ल काढून घेतलेली मानवी तांबडी पेशी विद्युत्‌क्षेत्रात मंद पडते, म्हणजेच तिच्या ऋणभाराचा फार मोठा वाटा या एकाच रेणूचा आहे, हे त्यांच्या मापनांनी प्रस्थापित केले.

हा प्रयोग मी विद्यार्थिदशेत स्वतः करून पाहिला आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ लिहिण्याची मूळ प्रेरणा त्या दुपारीच मिळाली असे म्हणण्यास हरकत नाही. काचेच्या चपट्या कोठडीत क्षारद्रव भरलेला, दोन्ही टोकांस विद्युत्‌अग्रे, आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात बारीक चौकटींची जाळी. प्रवाह बंद असताना पेशी नुसत्या थरथरत असतात. कळ दाबताच दृष्टिक्षेत्रातील प्रत्येक पेशी धनाग्राच्या दिशेने चालू लागते, कोणतीही मागे राहत नाही की पुढे धावत नाही, आणि आषाढीच्या वाटेवर एका लयीत पुढे सरकणाऱ्या दिंडीची आठवण व्हावी असे ते दृश्य दिसते. सेंटिमीटरला ५ व्होल्टचे क्षेत्र असेल तर पेशी सेकंदाला सुमारे साडेपाच मायक्रोमीटर चालते, म्हणजे ५० मायक्रोमीटरांची मजल तिला नऊ सेकंदांत गाठता येते. हातात थांबघड्याळ घेऊन आम्ही एकेक पेशी मोजीत असू. दिशा उलटवून पुन्हा मोजीत असू. नंतर विकराने धुतलेल्या पेशी त्याच कोठडीत सोडल्या. आकार तोच, रंग तोच, थरथर तीच. पण कळ दाबली तेव्हा त्या निम्म्याहूनही मंद गतीने रेंगाळत निघाल्या. अशा धुतलेल्या पेशी प्राण्याच्या शरीरात परत सोडल्या तर यकृतातील व प्लीहेतील भक्षकपेशी त्यांना थोड्याच अवधीत उचलून नेतात, असे आमच्या गुरुजींनी सांगितले. डोळ्यांना ज्यात तिळमात्र फरक दिसत नाही त्यातील फरक भक्षकपेशीला कळतो, या विचाराने मी त्या दिवशी जो थक्क झालो, तो विस्मय आजही ओसरलेला नाही.

तथापि त्या दिवशी जी उपपत्ती मी मनाशी बांधली ती चुकीची होती, आणि पुढे कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना मी तीच शिकवीत आलो याची मला खंत वाटते. भक्षकपेशीही ऋण, तांबडी पेशीही ऋण. भार आहे तोवर दोघी दूर राहतात, भार गेला की जवळ येतात, अशी ती सुटसुटीत उपपत्ती होती. तिच्यातील पहिले वैगुण्य अंतराचे आहे. रक्तासारख्या खाऱ्या द्रवात प्रत्येक ऋणभाराभोवती सोडियमसारख्या धन आयनांची गर्दी जमते आणि त्या भाराचा प्रभाव झाकून टाकते. डेबाय व ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार हा प्रभाव एका नॅनोमीटरहूनही कमी अंतरात बराचसा ओसरतो. तांबड्या पेशीचा व्यास साडेसात मायक्रोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे भाराची हाक तिच्या स्वतःच्या रुंदीच्या नऊ-दहा हजाराव्या हिश्श्यापलीकडे ऐकू जात नाही. एवढ्या आखूड पल्ल्याचे बल कोणाला दुरून बोलावू शकत नाही. ते कामास येते ते प्रत्यक्ष स्पर्शाच्या क्षणी, रेणूला रेणू भिडलेला असताना. आणि तेथे भाराच्या एकूण बेरजेहून त्याची मांडणी अधिक मोलाची ठरते.

दुसरे वैगुण्य दाखविणारा प्रयोग १९७८ सालचा आहे, आणि या ग्रंथाचे तिसरे प्रकरण मी सर्वस्वी त्याला वाहिले आहे. रक्तात पूरक प्रथिने नावाचा एक प्रथिनसमूह सतत फिरत असतो. त्यातील सी-३ हे प्रथिन आपले-परके न पाहता ज्या पृष्ठाशी गाठ पडेल त्यावर थोडेफार चिकटते, आणि तेथे त्याला अटकाव झाला नाही तर क्षणोक्षणी आपली संख्या वाढवून त्या पेशीचा नाश ओढवते. आपल्या पेशींवर अटकाव करणारे जे प्रथिन आहे त्याला एच-घटक म्हणतात, आणि हा एच-घटक पेशीपृष्ठावरील सायलिक आम्लाला धरूनच आपले काम करतो. मेंढीच्या तांबड्या पेशींवर हे आम्ल भरपूर असते म्हणून मानवी पूरक प्रथिने त्यांना सोडून देतात. परंतु ते आम्ल विकराने काढताच त्याच पेशी हल्ल्यास पात्र ठरतात, असे एकीकडे फिअरन याने आणि दुसरीकडे पँगबर्न व म्यूलर-एबरहार्ड यांनी दाखविले. येथपर्यंतचा भाग माझ्या जुन्या उपपत्तीलाही मानवणारा होता. पण फिअरनने आणखी एक पाऊल टाकले. त्याने सौम्य पेरिआयोडेटच्या साहाय्याने सायलिक आम्लाची शेपटी, म्हणजे टोकाचे दोन कार्बन, तेवढी छाटली, आणि ज्या गटावर ऋणभार असतो तो गट जसाच्या तसा ठेवला. भार कायम होता. तरीही संरक्षण नाहीसे झाले. एच-घटक नुसता भार पाहत असता तर त्याला हा फेरफार कळलाच नसता. तो भार पाहतो, आणि त्या भाराला धरून असलेला रेणूचा घाटही पाहतो. शाई तीच असली तरी ठशाचा कोपरा तुटला आहे हे त्याच्या नजरेतून सुटत नाही.

हाच धडा भक्षकपेशींच्या बाबतीतही मिळतो. १९७९ मध्ये डॅलस येथे गोल्डस्टाइन, हो, बसू व ब्राउन यांना आढळले की रक्तातून मेद वाहून नेणाऱ्या कणांवर ॲसिटिल गट बसवून त्यांचे धनभार झाकले, म्हणजे ते कण एकंदरीने अधिक ऋण झाले, तर महाभक्षक पेशी त्यांना अधाशीपणाने आत घेतात. ज्या ग्राहकांच्या द्वारे हे घडते त्यांना संमार्जक ग्राहक हे नाव मिळाले, आणि रोहिणीच्या भिंतीत मेदाने फुगलेल्या पेशी कशा साठतात याचा उलगडा होण्यास त्यामुळे मदत झाली. या चौघांपैकी संदीप बसू हे पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संचालक झाले, याचा उल्लेख येथे अभिमानाने केला पाहिजे. परंतु या ग्राहकांची खरी खुबी पुढील निरीक्षणात आहे : ग्वानिनच्या साखळीचा न्यूक्लिइक आम्लाचा धागा ते पकडतात, आणि ॲडेनिनच्या साखळीचा धागा सोडून देतात. दोन्ही धाग्यांवर प्रत्येक दुव्यास एक असा ऋणभार सारखाच असतो. भेद एवढाच की ग्वानिनचे धागे चौपदरी वळले जातात आणि त्यामुळे त्यांच्यावरील भारांची आरास ग्राहकाच्या धनभारित खोबणीशी नेमकी जुळते.

आता त्या ऋणभाराकडे वळू, ज्याचा अर्थ जागेवर अवलंबून आहे. पेशीचे पटल मेदरेणूंच्या दोन थरांचे असते, आणि फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा ऋणभारित मेद निरोगी पेशीत आतल्या थरातच ठेवलेला असतो. ही व्यवस्था आपोआप टिकत नाही. बाहेर निसटलेला प्रत्येक रेणू ऊर्जा खर्चून पुन्हा आत ओढणारी प्रथिने पटलात अहोरात्र पहारा देत असतात. पेशीला नियोजित मृत्यू यावयाचा असला म्हणजे हा पहारा उठविला जातो, दोन्ही थर सरमिसळ करणारे दुसरे प्रथिन जागे होते, आणि आजवर आत राहिलेला भार बाहेर झळकतो. मला उचला, असा तो संदेश आहे हे १९९२ मध्ये व्हॅलरी फॅडॉक व सहकाऱ्यांनी दाखविले. आपल्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी आयुष्याचे १२० दिवस संपवून निवृत्त होतात, आणि तरीही कोठे दाह उसळत नाही, कोठे मळ साचत नाही. या निःशब्द विल्हेवाटीत आतला भार बाहेर येण्याचाही हात आहे. सायलिक आम्लाचा ऋणभार बाहेर असणे म्हणजे स्वकीयत्वाची ग्वाही, आणि फॉस्फॅटिडिलसेरिनचा ऋणभार बाहेर असणे म्हणजे अखेरचे मोर्तब. चिन्ह एकच, आशय परस्परविरुद्ध.

पण एवढ्यानेही खातरजमा पुरी होत नाही, हे या क्षेत्रातील सर्वांत बोधप्रद सत्य मला वाटते. २०११ मध्ये जपानात शिगेकाझू नागाता यांच्या प्रयोगशाळेत अशा पेशी तयार करण्यात आल्या की ज्यांच्या पृष्ठावर फॉस्फॅटिडिलसेरिन सदैव उघडे असूनही त्या जिवंत व धडधाकट होत्या. महाभक्षकांनी त्यांना गिळले नाही. मृत्यूची खूण उमटली होती, परंतु जीवनाच्या इतर खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. आणि भक्षकाने एकाच साक्षीवर निवाडा केला नाही. जखमेवर जमलेल्या रक्तबिंबिकाही हाच मेद बाहेर काढतात, आणि तेथे त्याचा अर्थ रक्त गोठविण्याचे काम येथे सुरू करावे असा होतो. एकाच अक्षराला संदर्भाने अर्थ येतो हे भाषेच्या अभ्यासकाला नवीन नाही. पेशींनाही ते अवगत आहे, हे मात्र विज्ञानाला फार उशिरा उमगले.

शत्रूच्या मुलखात हाच भार निराळे रूप घेतो. जंतूंच्या पटलाच्या बाहेरील थरात ऋणभारित मेदांचा भरणा असतो, तर आपल्या पेशींचा बाहेरील मेदथर बहुतांशी उदासीन असतो. या भेदावर नेम धरून आपल्या पांढऱ्या पेशी डिफेन्सिनसारखी लहान, धनभारित प्रथिने सोडतात; ती जंतूच्या पटलाला बिलगून त्यात शिरतात आणि ते फाडून टाकतात. १९८० च्या दशकात रेशीमकिड्याच्या जातीतील एका पतंगाच्या कोशात, आफ्रिकेतील बेडकाच्या त्वचेत आणि माणसाच्या रक्तात अशी प्रथिने स्वतंत्रपणे सापडली, यावरून ही युक्ती किती पुरातन आहे ते लक्षात येईल. जंतूंनीही प्रतियुक्ती शोधली. फोड व गळवे करणारा स्टॅफिलोकॉकस आपल्या भिंतीवर ॲलॅनिन आणि पटलावर लायसिन चढवून ऋणभार सौम्य करतो, म्हणजे धनभारित शस्त्र त्याच्याकडे वळतच नाही. आणखी धूर्त जंतू बनावट शिक्काच करतात : मेंदूज्वर आणणारा ब-गटाचा मेनिंगोकॉकस सायलिक आम्लाच्या लांबच लांब साखळ्यांचे कवच पांघरतो, आणि ते कवच गर्भाच्या मेंदूतील पेशींवरील साखळ्यांशी इतके एकरूप असते की प्रतिकारसंस्थेला त्याविरुद्ध उठविणे जवळजवळ अशक्य आणि उठविलेच तर धोक्याचे. याच कारणास्तव इतर गटांसाठी कवचापासून केलेल्या लशी केव्हाच प्रचारात आल्या, आणि ब-गटासाठी मात्र प्रथिनांवर आधारलेली नवी लस युरोपात २०१३ मध्ये मान्य होईपर्यंत वाट पाहावी लागली.

ग्रंथाच्या उत्तरार्धात प्रतिकारपेशीच्या स्वतःच्या भाराची हकीकत आहे. गिळण्याची क्रिया सुरू होताच भक्षकपेशीच्या पटलाच्या आतील बाजूचा ऋणभार त्या जागेपुरता घटतो आणि तेथे चिकटलेली धनभारित प्रथिने सुटून जातात, हे २००६ मध्ये टोरांटो येथील ग्रिनस्टाइन यांच्या गटाने जिवंत पेशीत पाहिले. मारक टी-पेशीची गोष्ट याहूनही चित्तवेधक आहे. ती रोगट पेशीला बिलगून परफोरिन नावाचे छिद्र पाडणारे प्रथिन दोघींमधील चिंचोळ्या फटीत ओतते. मग लक्ष्याला छिद्रे पडतात आणि तिला स्वतःला का पडत नाहीत? २०१९ मध्ये मेलबर्न येथे याचे जे उत्तर मिळाले त्यात दोन गोष्टी आहेत : तिच्या पटलातील मेदांची वीण फार घट्ट असते, आणि त्या फटीत ती स्वतःचे फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर काढते, ज्याच्या ऋणभाराला परफोरिन चिकटून निरुपयोगी होऊन बसते. जो भार मरणाऱ्या पेशीवर मृत्यूची खूण होता, तोच मारणाऱ्या पेशीच्या हाती ढाल होतो.

परिभाषेविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. मराठीत जे शब्द रुळले आहेत ते मी तसेच ठेवले : पेशी, पटल, प्रथिन, विकर, ऋणभार, धनभार. 'महाभक्षक' आणि 'संमार्जक ग्राहक' यांसारखे शब्द वाचताच अर्थ ध्वनित होतो म्हणून स्वीकारले. परंतु सायलिक आम्ल, फॉस्फॅटिडिलसेरिन, परफोरिन ही विशेषनामांप्रमाणे आहेत. त्यांना ओढूनताणून संस्कृत पेहराव चढविला असता तर वाचकाला ती दुसऱ्या ग्रंथात भेटल्यावर ओळखू आली नसती. ओळख हाच ज्या ग्रंथाचा विषय, त्याने निदान एवढी काळजी घ्यावयास हवी.

एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. शरीरात ऋणभाराचे महत्त्व आहे एवढे अर्धवट ऐकून भारित पाणी, भारित कडी, भारित गाद्या यांचा व्यापार चालतो, आणि प्रतिकारशक्ती वाढेल या आशेने कष्टाचे पैसे त्यात घालणारी माणसे मी पाहिली आहेत. पेशीपृष्ठावरील भार विशिष्ट रेणूंवर, विशिष्ट जागी, विशिष्ट घाटात असतो, आणि पेशी तो स्वतः घडविते व स्वतः जपते. मनगटात घातलेल्या कड्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. एक नॅनोमीटर ओलांडू न शकणाऱ्या भाराचे प्रकरण ज्याने लक्षपूर्वक वाचले, त्याला कोणी या मार्गाने फसवू शकणार नाही असा मला भरवसा आहे.

हा ग्रंथ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी, डॉक्टरांसाठी आणि विज्ञानाची आस्था असणाऱ्या सामान्य वाचकासाठी लिहिला आहे. गणित परिशिष्टात ठेवले आहे; ते न वाचताही विवेचनाचा ओघ तुटणार नाही. हस्तलिखित वाचून ज्या सहाध्यायांनी जागोजाग दुरुस्त्या सुचविल्या, आणि ज्या विद्यार्थ्यांनी वर्गात शंका विचारून माझी जुनी उपपत्ती मला सोडावयास लावली, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. परंतु सर्वांत जुने ऋण आहे ते एका प्रयोगशाळेतील वृद्ध मदतनिसाचे. रोज सकाळी तो वेस्टरग्रेनच्या नळ्या घोडीत लावी, घड्याळ पाहून एक तास थांबे, आणि खुणेच्या पातळीत डोळा आणून आकडा वाची. एखादी नळी किंचित कललेली आढळली तर तो आकडा रद्द करून रक्त पुन्हा भरी, कारण कललेल्या नळीत पेशी लवकर बसतात हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. सूत्रे त्याने वाचली नव्हती. पण एकाच खुणेवर विसंबू नये, ती कोणत्या स्थितीत उमटली तेही पाहावे, हे मी प्रथम त्याच्या हाताकडे पाहून शिकलो. पेशी हेच करते हे समजावयास मला पुढे निम्मे आयुष्य लागले.

पुणे, विजयादशमी
— लेखक